एकाच जानेवारीचे दोन चित्रपट

वाचकांचे प्रश्न : चित्रपट आणि संगीत

गेल्या अंकात एका उत्तराच्या ओघात, ‘बीटल्स’ या इंग्लंडमधील रॉक बँडवरचा ‘गेट बॅक’ हा २०२१ चा माहितीपट सवड काढून पाहावा, असे सुचवले होते. त्यावर आलेल्या पत्रांतील काही प्रश्न एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की, या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. महाविद्यालयात असताना मी ‘लेट इट बी’ हा बीटल्सचा चित्रपट व्हिडिओ कॅसेटवर पाहिला होता. चौघे एकमेकांना विटले आहेत आणि बँड डोळ्यांदेखत मोडतो आहे, एवढेच त्यातून मनावर उमटले होते. आता ‘गेट बॅक’मध्ये तीच माणसे, त्याच खोल्या, तेच कपडे दिसतात, पण निम्मा वेळ ही मंडळी हसत-खिदळत असतात. मग खरे काय? दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी जुन्या भांडणावर चुना फासला आहे का? — एक निवृत्त प्राध्यापक, सातारा

उत्तर : आपला संशय रास्त आहे आणि त्याचे उत्तर एका शब्दात देता येणार नाही. दोन्ही चित्रपट एकाच चित्रीकरणातून निघालेले आहेत, ही गोष्ट आधी लक्षात घ्यायला हवी. २ जानेवारी १९६९ रोजी लंडनच्या ट्विकनहॅम स्टुडिओत चौघे जमले. नवी गाणी बसवायची, ती प्रेक्षकांसमोर सादर करायची आणि त्या साऱ्या तयारीचे चित्रीकरण करायचे, असा बेत होता. दिग्दर्शक होते मायकेल लिंडसे-हॉग. रिंगो स्टार यांना त्यानंतर एका चित्रपटात काम करायचे असल्यामुळे महिन्याच्या आत सगळे उरकणे भाग होते. कार्यक्रम कुठे करायचा हे मात्र ठरेना. लिबियातील प्राचीन रोमन रंगमंडलापासून भर समुद्रातील जहाजापर्यंत अनेक कल्पना निघाल्या आणि मागे पडल्या. बँडचा कारभार सांभाळणारे ब्रायन एपस्टाईन ऑगस्ट १९६७ मध्ये वारले होते, त्यामुळे ‘आता हे असे करा’ म्हणणारे वडीलधारे कोणी उरले नव्हते. जॉन लेनन आणि रिंगो अठ्ठावीस वर्षांचे, पॉल मॅकार्टनी सव्वीस, तर जॉर्ज हॅरिसन अवघे पंचवीस वर्षांचे होते. पडद्यावरच्या त्या दाढी-मिशा पाहताना त्यांची वये सहज विसरायला होतात, म्हणून मुद्दाम लिहिले.

त्या महिन्यात जवळजवळ साठ तासांचे चित्रण आणि दीडशे तासांहून अधिक ध्वनिमुद्रण झाले. त्यातून निघालेला ‘लेट इट बी’ सुमारे ऐंशी मिनिटांचा आहे. तो मे १९७० मध्ये प्रदर्शित झाला आणि त्याच्या महिनाभर आधी, १० एप्रिलला, पॉल बँडमधून बाहेर पडल्याची बातमी जगभर पसरलेली होती. प्रेक्षक चित्रपटगृहात शिरला तो कपाळावर आठ्या घेऊनच. त्याला प्रत्येक जांभईत फारकत दिसली आणि प्रत्येक अबोल्यात घटस्फोट. सोळा मिलिमीटरच्या फितीवरील चित्रण मोठ्या पडद्यासाठी फुगवलेले असल्यामुळे चित्र दाणेदार आणि काळवंडलेले होते, ही भर वेगळीच. निवेदन नाही, तारखा नाहीत, कोण कुठून आले आणि का आले याचा पत्ता नाही. आपण कॅसेटवर पाहिलेली प्रत तर त्याहूनही मळकट असणार.

मात्र एक गोष्ट विलक्षण आहे. त्या महिन्यातली सर्वांत मोठी ठिणगी या उदास चित्रपटात नाहीच. १० जानेवारीला दुपारच्या जेवणाच्या सुमारास जॉर्ज हॅरिसन आपण बँड सोडत असल्याचे सांगून निघून गेले, हा प्रसंग ‘लेट इट बी’मधून पूर्णपणे गाळलेला आहे. ज्यांच्यावर चुना फासल्याचा आरोप होतो, त्या जॅक्सन यांनीच तो सविस्तर दाखवला. त्यानंतरच्या सोमवारी, १३ जानेवारीला, जॉर्ज नाहीत, जॉन फोन उचलत नाहीत, स्टुडिओत पॉल आणि रिंगो एवढेच उरले आहेत. पॉल हळूच म्हणतात की, आता दोघेच राहिले, आणि त्यांचे डोळे भरून येतात. कॅमेरा तिथून हलत नाही. चुना फासणाऱ्या संकलकाने ती काही सेकंदे सहज कापली असती.

त्याच दिवशी नंतर जॉन आले, तेव्हा उपाहारगृहात त्यांचे आणि पॉल यांचे जे बोलणे झाले, ते चित्रपटवाल्यांनी फुलांच्या कुंडीत मायक्रोफोन लपवून टिपले होते. त्या दोघांना त्याची कल्पना नव्हती. जॅक्सन यांच्याकडे त्या बोलण्याचे चित्र नव्हते, म्हणून त्यांनी ते शब्द पडद्यावर उमटवले. जॉर्जची जखम आपणच चिघळू दिली, असे जॉन तिथे कबूल करतात. चोरून ऐकलेले हे बोलणे दाखवावे की नाही, याबद्दल माझ्या मनात आजही दोन मते आहेत. परंतु चौघांमधले दुखणे समजून घ्यायला याहून स्पष्ट पुरावा दुसरा नाही.

आता ६ जानेवारीचा प्रसंग घेऊ, कारण तो दोन्ही चित्रपटांत आहे आणि आपल्या प्रश्नाचे मर्म तिथेच आहे. पॉल एका गाण्यातील गिटारबद्दल जॉर्जला काही सुचवत राहतात आणि जॉर्ज शेवटी म्हणतात की, तू म्हणशील ते वाजवतो, नको म्हणालास तर मुळीच वाजवत नाही. ‘लेट इट बी’मध्ये हा तुकडा आगापिछा सोडून समोर येतो आणि पॉल हेकेखोर वाटू लागतात. ‘गेट बॅक’मध्ये त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे बोलणेही आहे. पॉल स्वतः अवघडलेले आहेत, आपण साहेबासारखे बोलतो आहोत हे त्यांना कळते आहे आणि कोणी तरी काम पुढे ढकलायला हवे म्हणून ते बोलत आहेत, हे दिसते. जॉर्जचा राग तेवढाच खरा राहतो. ज्यांनी कधी हौशी नाटकाच्या तालमीला हजेरी लावली आहे, त्यांना हे दृश्य नवे वाटणार नाही. प्रयोग तोंडावर आला आहे, एकच जण वेळेवर येतो, तोच सगळ्यांना हाकतो आणि त्याचाच सगळ्यांना राग येतो.

हेही नोंदवायला हवे की, जॅक्सन यांच्या चित्रपटाच्या निर्मात्यांमध्ये पॉल, रिंगो, जॉन यांच्या पत्नी योको ओनो आणि जॉर्ज यांच्या पत्नी ऑलिव्हिया हॅरिसन यांची नावे आहेत. घरच्यांनीच काढलेला घराचा इतिहास थोडे हातचे राखूनच वाचावा. दुसरे असे की, ध्वनिमुद्रण चालू असताना कॅमेरे बरेचदा बंद असत, त्यामुळे अनेक ठिकाणी बोलणे एका क्षणाचे आणि चेहरे दुसऱ्या क्षणाचे आहेत. जॅक्सन यांनी तशी सूचना पडद्यावर दिलेली आहे, हा प्रामाणिकपणा मान्य करूनही, एखाद्याच्या वाक्यावर दुसऱ्याने ओठ मुडपलेले दिसले तर त्यावरून निष्कर्ष काढताना मी थबकतो. तरीही दोहोंतून एकाची निवड करायची झाली, तर मी ‘गेट बॅक’वर अधिक विश्वास ठेवीन, आणि त्याचे कारण त्यातले हसू हे नसून त्यातले कॅलेंडर हे आहे. एकेक दिवस खोडला जात पुढे सरकतो, त्यामुळे रुसवा कोणत्या दिवशीचा आणि समेट कोणत्या दिवशीची, हे प्रेक्षकाला स्वतः तपासता येते. ‘लेट इट बी’ची दुरुस्त केलेली प्रत मे २०२४ पासून पुन्हा उपलब्ध झाली आहे. आपण दोन्ही पाठोपाठ पाहावेत. कॅसेटवरच्या त्या काळोखातून तो जुना चित्रपट बाहेर आला की, तोही आपल्याला वाटला होता तितका कडवट नाही, असे माझ्याप्रमाणे आपल्यालाही वाटेल, अशी खात्री आहे.

प्रश्न : पन्नास वर्षांपूर्वीच्या एकाच फितीवर सगळे आवाज मिसळलेले असताना ते वेगळे कसे केले? यंत्राने वेगळा केलेला आवाज खरा मानायचा का? — ध्वनिमुद्रणाचे शिक्षण घेणारी एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : तालमींतील बहुतेक बोलणे ‘नाग्रा’ नावाच्या, हाताळायला सोप्या ध्वनिमुद्रण यंत्रांवर टिपलेले आहे आणि ते मोनो आहे, म्हणजे गिटार, ढोल, खोकला, चहाच्या कपाचा खणखणाट आणि बोलणे हे सारे एकाच मार्गिकेवर. अशा फितीत आवाज कमी-जास्त करता येतात; पण एक वाद्य उचलून बाजूला ठेवता येत नाही, हा आपल्या अभ्यासक्रमातला पहिला धडा असेल आणि काही वर्षांपूर्वीपर्यंत तो बरोबरही होता. जॅक्सन यांच्या न्यूझीलंडमधील मंडळींनी संगणकाला आधी सुटी वाद्ये आणि सुटे कंठ ऐकवून गिटार म्हणजे काय, ढोल म्हणजे काय, माणसाचा आवाज म्हणजे काय हे शिकवले आणि मग मिसळलेल्या फितीतून तो तो आवाज ओळखून वेगळा काढायला लावला. या प्रणालीला त्यांनी ‘मॅल’ असे नाव दिले. त्यात बीटल्सचे विश्वासू मदतनीस मॅल इव्हान्स यांची आठवण आहे.

याचा चित्रपटाला झालेला फायदा साधा नाही. आपल्या खासगी गोष्टी ध्वनिमुद्रित होत आहेत हे कळत असल्यामुळे ही मंडळी बोलताना मुद्दाम गिटार खाजवत बसत, म्हणजे फितीवर नुसता गोंगाट उरावा. पन्नास वर्षे ती युक्ती चालली. यंत्राने गिटार बाजूला काढली आणि खालचे बोलणे ऐकू आले.

हे खरे मानायचे का, या प्रश्नाला माझे उत्तर होय असे आहे, कारण इथे नसलेला आवाज तयार केलेला नाही, असलेला आवाज मोकळा केला आहे. मी स्वतः फितीच्या काळात ध्वनिसंकलनाचे काम केले आहे. एका ज्येष्ठ गायिकेच्या मुलाखतीत शेजारच्या पंख्याची घरघर मिसळली होती. ती काढता काढता बाईंच्या ‘स’ची धारच बोथट झाली, ही चुटपुट मला अजून आहे. म्हणून या चित्रपटातले आवाज मी हेडफोन लावून, जवळजवळ वैऱ्यासारखे तपासले. क्वचित एखादे अक्षर पाण्याखालून आल्यासारखे वाटते. बाकी शब्दांना श्वास आहे. चित्राबद्दल मात्र मी इतका समाधानी नाही. दाणे पुसण्याच्या नादात काही चेहरे मेणाचे झाले आहेत. हीच पद्धत पुढे ‘रिव्हॉल्व्हर’ या अल्बमच्या २०२२ च्या आवृत्तीसाठी वापरली गेली आणि २०२३ मध्ये जॉन यांच्या जुन्या घरगुती कॅसेटवरील आवाज पियानोपासून सोडवून ‘नाऊ अँड देन’ हे गाणे पूर्ण करण्यासाठीही.

प्रश्न : ‘गेट बॅक’ हे गाणे आकार घेताना पॉल त्यात पाकिस्तानी लोकांचा उल्लेख करतात. इथे इंग्लंडमध्ये माझ्या वडिलांनी सत्तरच्या दशकात रस्त्यावर ‘परत जा’ हे शब्द ऐकलेले आहेत, त्यामुळे ते दृश्य पाहून मला फार अस्वस्थ वाटले. हे गाणे आमच्याविरुद्ध होते का? — एक मराठी वाचक, लेस्टर

उत्तर : आपली अस्वस्थता मी समजू शकतो. ते शब्द स्थलांतरितांविरुद्ध नव्हते, स्थलांतरितांना हुसकावू पाहणाऱ्यांची टर उडवणारे होते. त्याच्या आदल्या वर्षी, १९६८ मध्ये, केनियातून येणाऱ्या आशियाई लोकांना अडवण्यासाठी ब्रिटनमध्ये कायदा झाला होता आणि एप्रिलमध्ये इनॉक पॉवेल या खासदारांनी बर्मिंगहॅमला स्थलांतरितांविरुद्ध कुप्रसिद्ध भाषण केले होते. त्या बातम्या वर्तमानपत्रांत रोज झळकत होत्या आणि तालमीत वर्तमानपत्र मोठ्याने वाचले जाई. पॉल आधी त्यावर उपरोधाने गाऊ लागले. परंतु उपरोध नेमका ज्याच्यावर आहे त्याला सोडून दुसऱ्यालाच लागतो, हे धोक्याचे आहे. ते शब्द पुढे गळून पडले आणि गाण्यात जोजो आणि लोरेटा ही दोन पात्रे उरली. ११ एप्रिल १९६९ रोजी निघालेल्या तबकडीत राजकारणाचा मागमूस नाही. आपल्या वडिलांनी रस्त्यावर ऐकलेल्या दोन शब्दांचा भार मात्र याने हलका होत नाही, हे मी जाणतो. जॅक्सन यांनी ते कच्चे शब्द झाकून ठेवले नाहीत, हे मला योग्य वाटते.

प्रश्न : या सगळ्यात आपल्या मुंबईचा काही संबंध आहे का? — एक वाचक, दादर

उत्तर : या जानेवारीशी थेट नाही; बरोबर एक वर्ष आधीच्या जानेवारीशी आहे. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसन मुंबईत आले होते आणि एचएमव्हीच्या स्टुडिओत त्यांनी ‘वंडरवॉल’ या चित्रपटासाठी भारतीय वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण केले. संतूरवर शिवकुमार शर्मा होते आणि अल्बमवरील श्रेयनामावलीत बासरीसाठी एस. आर. केंकरे असे नाव आहे. याच मुक्कामात ‘द इनर लाइट’ या गाण्याचे वाद्यसंगीतही तयार झाले. मार्च १९६८ मध्ये ते बीटल्सच्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूला आले, आणि जॉर्ज यांचे गाणे बीटल्सच्या सिंगल तबकडीवर येण्याची ती पहिलीच वेळ. ‘गेट बॅक’ पाहताना हे ध्यानात ठेवले, तर जॉर्ज यांचा रुसवा वेगळ्या उजेडात दिसतो. मुंबईत एका खोलीभर कसलेल्या वादकांनी ज्याचे म्हणणे मन लावून ऐकले, तोच लंडनला आपल्या जिवलग मित्रांना ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’सारखे गाणे ऐकवतो आणि कोणी फारसे मनावर घेत नाही. ऋषिकेशच्या आश्रमातील आपल्या मुक्कामाबद्दलही चौघे बोलतात. आपण तिथे खरे आपण नव्हतोच, असे पॉल यांच्या बोलण्यातून निघते, तेव्हा जॉर्ज तुटकपणे म्हणतात की, स्वतःचा शोध घेण्यासाठीच तर तिथे जायचे होते. भारताशी या बँडचे नाते सविस्तर पाहायचे असल्यास ‘द बीटल्स अँड इंडिया’ हा २०२१ चाच दुसरा माहितीपट पाहावा.

प्रश्न : माझी मुलगी सोळा वर्षांची असून मैत्रिणींबरोबर गाण्याचा गट चालवते. तिला हा माहितीपट दाखवावा असे वाटते. पण पावणेआठ तास ती बसणार नाही. कुठून सुरुवात करू? — एक पालक, नाशिक

उत्तर : पहिल्या भागातली ७ जानेवारीची सकाळ तिला आधी दाखवा. जॉन अजून आलेले नाहीत. पॉल खुर्चीवर बसून आपले बेस गिटार साध्या गिटारसारखे खाजवत आहेत, जॉर्ज जांभई देत आहेत, रिंगो समोर गप्प बसून पाहत आहेत. पॉल यांच्या तोंडून नुसते अर्थहीन आवाज निघत आहेत. दोन-तीन मिनिटांत त्या आवाजांना चाल मिळते, चालीला एक शब्द चिकटतो आणि पुढे साऱ्या जगाला पाठ झालेले ‘गेट बॅक’ हे गाणे त्या गारठलेल्या स्टुडिओत उभे राहते. जॉर्ज जांभई विसरून साथ देऊ लागतात, रिंगो टाळी धरतात. गाणे सुचणे म्हणजे काय, हे इतक्या जवळून टिपलेले दुसरे दृश्य माझ्या पाहण्यात नाही.

त्यानंतर २२ जानेवारी. ट्विकनहॅम सोडून सगळे सॅव्हिल रो या शिंपीकामासाठी नावाजलेल्या रस्त्यावरच्या आपल्या कचेरीत, तळघरातल्या स्टुडिओत आलेले आहेत आणि हॅम्बुर्गमधल्या दिवसांपासून ओळखीचे असलेले कीबोर्डवादक बिली प्रेस्टन भेटीला येतात. त्यांना इलेक्ट्रिक पियानोवर बसवतात. तो वाजू लागताच चौघांचे चेहरे बदलतात, जणू घरात पाहुणा आल्यावर भावंडे नीट वागू लागावीत. पुढे एका जागी जॉर्ज ‘समथिंग’ या गाण्याच्या एका ओळीत अडतात, तेव्हा जॉन सुचवतात की, योग्य शब्द मिळेपर्यंत ‘फ्लॉवर’ म्हणत राहा, म्हणजे चक्क भाजीतला फ्लॉवर. जॉर्ज त्याऐवजी ‘डाळिंब’ म्हणून पाहतात. आपल्या मुलीच्या गटात कोणाचे शब्द अडत असतील, तर हा उपाय लगेच करून पाहण्यासारखा आहे.

शेवटी ३० जानेवारीची गच्ची, आणि ती मात्र पूर्ण पाहावी. बेचाळीस मिनिटांचा हा कार्यक्रम जॅक्सन यांनी सलग दाखवला आहे. दहा कॅमेरे लावलेले होते, काही गच्चीवर, काही रस्त्यावर, एक समोरच्या इमारतीवर आणि एक खाली स्वागतकक्षात लपवलेला. वारा मायक्रोफोनमध्ये शिरू नये म्हणून त्यांवर बायकांचे पायमोजे चढवले होते. जॉन योकोंचा फरचा कोट घालून उभे आहेत, रिंगो आपल्या पत्नीचा लाल रेनकोट घालून. तक्रारी गेल्यावर पोलीस येतात, त्यांना खाली बोलण्यात गुंतवून ठेवले जाते, मग ते वर पोहोचतात. मॅल इव्हान्स गिटारचे ॲम्प्लिफायर बंद करतात आणि जॉर्ज आपले पुन्हा चालू करतात. जो माणूस वीस दिवसांपूर्वी बँड सोडून गेला होता, तोच हे करतो, एवढे मुलीला पाहताना सांगा.

आणखी एक जागा मी तिला मुद्दाम दाखवीन. ‘डिग अ पोनी’ सुरू होताना जॉन यांना शब्द आठवणार नाहीत म्हणून एक तरुण मदतनीस त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसून कागद धरतो. सगळी गाणी जगाला पाठ. पण ज्याने लिहिले त्याच्याच डोळ्यांसमोर कागद लागतो. थंडीने बोटे गारठलेली आहेत, वाऱ्याने कागद फडफडतो आहे, आणि तो मुलगा गाणे संपेपर्यंत हलत नाही.